हलक्या हाताची युफेमिया

बाराओना गावात युफेमिया मातोसचे दोन धंदे होते आणि दोन्ही सुईचे. सकाळी ती शिवणयंत्रावर बसायची. दुपारची कॉफी झाली की हात साबणानं धुऊन, पांढरा ॲप्रन बांधून वस्तीला इंजेक्शनं टोचायची. नर्सचं शिक्षण तिनं घेतलं नव्हतं. पण प्रत्येक वस्तीत एक अशी बाई असतेच, जिचा हात हलका असतो आणि जिला सगळे मानानं 'दोन्या' म्हणतात. लोक आपापली कुपी घेऊन यायचे, तिच्या पडद्याआड पालथे पडायचे आणि "टोचा की आता, दोन्या" म्हणेपर्यंत ती कापसाचा बोळा हातात देऊन म्हणायची, "ऊठ. कधीच झालं."

कुपीत काय आहे हे ती विचारत नसे. विचारायची पद्धतच नव्हती. कुणी अशक्तपणाचं आणी, कुणी सांधेदुखीचं, कुणी मूल होत नाही म्हणून. बाराओनात कुठल्याही दुखण्याला शेवटी 'व्हिटॅमिन'च म्हणतात. शिवाय युफेमियाला वाचता येत नव्हतं. वाचणं त्यांचं, टोचणं आपलं, असा सरळ हिशेब.

शिवणकामातही अक्षराशी तिचं काही अडत नसे. तिचे वडील शिंपी होते, तेही निरक्षर. माप घ्यायची त्यांची रीत जुनी होती: पिठाच्या पिशवीच्या कागदाची लांब पट्टी घ्यायची, गिऱ्हाइकाच्या अंगाभोवती फिरवायची आणि कात्रीनं तिच्या कडेला खाचा मारायच्या. तिरकी खाच मानेची, दोन जोडखाचा छातीच्या, चौकोनी मांडीची. माणसागणिक एक पट्टी. गावच्या बेसबॉल संघाचे, पेलिकानोसचे, गणवेश युफेमिया तेवीस वर्षं शिवत होती. ऑक्टोबर उजाडला की पंचवीस दांडगे पुरुष तिच्या दाराशी शाळकरी पोरांसारखे रांगेत उभे राहत. हंगामाचा पडदा खरा तिथेच उघडायचा. मैदानावर जे व्हायचं तो दुसरा अंक.

त्या रांगेत रादामेस फेलिस आला की ती मुद्दाम त्याला शेवटी घ्यायची. तो तिचा धर्माचा मुलगा. त्याच्या बाप्तिस्म्याला तिनंच त्याला हातावर धरलं होतं, म्हणून तो तिला 'माद्रीना', म्हणजे धर्माची आई, म्हणायचा. आई, मेर्सेदेस, तो नऊ वर्षांचा असताना गेली, आणि नंतर त्या शब्दात जेवढी आई मावेल तेवढी त्यानं सामावून घेतली. पोर उंच आणि किडकिडीत. नजर मात्र अशी, की पिचरच्या हातातून चेंडू सुटण्याआधीच त्याला तो कुठे पडणार ते कळायचं. आणि एका गोष्टीला तो भयंकर भ्यायचा: सुईला. लहानपणी दवाखान्यात डॉक्टरच्या मनगटाला चावून तो पळाला होता. युफेमियाशिवाय कुणालाही त्यानं अंगाला सुई लावू दिली नाही. "माद्रीना, डोळे मिटू?" "मीट." "आता टोचणार?" "अरे वेड्या, चड्डी वर कर, झालं."

अठराव्या वर्षी तो उत्तरेला गेला, अमेरिकेतल्या लहान संघांत. सव्विसाव्या वर्षी त्यांनी त्याला परत पाठवलं. त्याचं म्हणणं असं, की तिथं त्याला कुणी वाईट म्हणालं नाही. म्हणाले, डोळा उत्तम, हात उत्तम, फक्त अंगात जोर कमी. मग हिवाळ्यात तो पेलिकानोसकडून खेळायचा आणि उरलेले आठ महिने केळ्यांच्या ट्रकवर हमाली करायचा. बाराओनाची हिरवी केळी देशात नावाजलेली, ती खाऊन माणूस पहाड होतो असं म्हणतात. रादामेस ती खातही होता आणि वाहतही होता, पण पहाड काही होत नव्हता.

एकोणतिसाव्या वर्षी, एका मंगळवारी, तो रबरी बुचाची एक छोटी बाटली घेऊन आला.

"काय रे हे?"

"व्हिटॅमिन, माद्रीना. जरा थकायला होतं."

"त्या ट्रकवर मीसुद्धा थकले असते. नीज पालथा."

औषध पिवळसर, तेलासारखं दाट होतं. सुईतून हळूहळू उतरायचं. मंगळवारी एक, शुक्रवारी एक. तो डोळे गच्च मिटून पडायचा, ती त्याला बाजारातल्या गप्पा सांगायची, आणि गप्पा संपायच्या आत औषध संपलेलं असायचं. रिकाम्या बाटल्या ती धुऊन खिडकीत ठेवायची. बटणं, हूक, टाचण्या ठेवायला बऱ्या.

आणि मग ते सुरू झालं.

ज्यांनी तो हंगाम पाहिला नाही त्यांना काय सांगावं! बाराओनाचं मैदान समुद्राकाठी. डाव्या कुंपणापलीकडे नारळाची रांग, तिच्यापलीकडे साखर कारखान्याचे रूळ. नारळावरून चेंडू गेल्याचं म्हाताऱ्यांनीही पाहिलं नव्हतं. नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी रादामेसनं बॅट फिरवली. आवाज असा झाला, की खारे शेंगदाणे विकणाऱ्या बाईचा हात टोपलीत तसाच राहिला. चेंडू वर गेला, आणखी वर गेला, नारळाच्या शेंड्यांवरून गेला, आणि पलीकडे रुळांवरच्या उसगाडीच्या रिकाम्या डब्यावर आदळल्याचा 'ठण्ण' असा आवाज वाऱ्यावर परत आला. पाच हजार माणसं गप्प. टाळी वाजवायचं भान कुणाला नाही. मग जो गदारोळ उठला, त्यात युफेमियाची चप्पल हरवली ती कायमचीच.

पुढच्या हंगामात असे चेंडू बारा वेळा गेले. त्याच्या पुढच्यात सोळा वेळा. लोक कारखान्याच्या रुळांवर खुर्च्या टाकून बसू लागले, म्हणजे चेंडू येताना समोरून दिसेल. रादामेस चालायला लागला की रस्ता अरुंद वाटायचा. पाठ दरवाज्याएवढी, मान खांद्यात रुतलेली, मांड्या अशा की बाकावर दोघांची जागा एकटा घ्यायचा. पोरं त्याच्या दंडाला लोंबकळायची. युफेमिया दुरून बघायची, आणि ह्या देहाला आपण कधी एका हातावर उचललं होतं हे तिला स्वतःलाच खरं वाटायचं नाही. देवानं एखादा डोंगर उशिरा घडवायला घ्यावा, आणि आपल्याला शेजारी स्टूल टाकून बघत बसू द्यावं, तसं तिला वाटे.

गणवेश मात्र दर ऑक्टोबरला उसवावा लागायचा. तिनं त्याच्या जुन्या पट्टीवर नवी पट्टी ठेवली की खाचा एकमेकींपासून दूर पळालेल्या असत. मान दोन बोटं, छाती चार बोटं, मांडी तीन बोटं.

"काय खातोस रे?"

"तुझ्या हातचं, केळी कुस्करून केलेलं मांगू."

"माझ्या हातचं मांगू माझा नवरा तीस वर्षं खात होता. त्याचं फक्त पोट वाढलं."

हे ती थट्टेत बोलली आणि तिचं तिलाच काहीतरी खटकलं. चाळीस वर्षांत तिनं हजारो पुरुष मापले होते. तिशीनंतर पुरुष वाढतो तो पोटात, बाकी तो तिथल्या तिथे किंवा आतल्या आत. ह्याच्या पोटाची खाच जिथल्या तिथे होती आणि बाकी सगळा माणूस वाढला होता. पण खटकलेल्या गोष्टीवर तिनं बटण लावलं. काखेत अशा खुबीनं तुकडे जोडले, की गणवेश कुठे ओढला जाऊ नये. लोक म्हणाले, युफेमियाच्या शिवणीत रादामेस राजासारखा दिसतो. ती सुखावली.

तिसऱ्या हंगामात, डिसेंबरच्या सुरुवातीला, इहिनियो कुएवास विजार छोटी करून घ्यायला आला. इहिनियोचे बैल डोंगराकडच्या उतारावर चरायचे आणि जीभ गावभर. विजारीला टाचण्या लागेपर्यंत तो खिडकीशी उभा होता. तिथली एक बाटली उचलून त्यानं उन्हात धरली.

"युफेमिया, तू बैल कधी घेतलास?"

"कसला बैल?"

"मग हे कुणाला देतेस? हे हिरवं बूच मी अंधारात ओळखीन. माझा तो करडा बैल बसला होता ना, उठेना, त्याला ढोरांच्या डॉक्टरनं हेच दिलं. स्टिरॉइड म्हणतात त्याला. महिन्याभरात बैल असा फुगला, की गोठ्याचं दार मोठं करावं लागलं." त्यानं बाटली नाकाशी नेली. "हेच. धुतली तरी वासही तोच. ह्यावर बैलाचं चित्र असतं, ते कुणीतरी नखानं खरवडलंय बघ."

युफेमियाच्या तोंडात दोन टाचण्या होत्या. त्या तिनं सावकाश काढून उशीत खोचल्या.

"बैल मग बरा झाला?" तिनं विचारलं.

"वर्षभर डोंगर उचलून नेईल असा होता. मग एक दिवस नांगरताना उभ्याउभ्या कोसळला. काळीज, डॉक्टर म्हणाला." इहिनियो हसत वळला, आणि तिचा चेहरा पाहून त्याचं हसू तोंडातच राहिलं. त्याची नजर खिडकीतल्या बाटल्यांवरून फिरली. चाळीसेक होत्या. मग भिंतीवर सुकायला टांगलेल्या रादामेसच्या सदऱ्यावर गेली. "देवा माझ्या," तो म्हणाला, आणि अर्धी टाचलेली विजार तशीच घालून निघून गेला.

तो शुक्रवार होता. दुपारी रादामेस आला, नेहमीसारखा वाकून दारातून आत शिरला आणि पडद्याआड जाऊन पालथा पडला. बाटली टेबलावर ठेवली होती. युफेमिया खुर्चीवर बसून राहिली.

"माद्रीना?"

"ऊठ."

"झालं? आज कळलंसुद्धा नाही!"

"टोचलंच नाही. उठून बस, आणि बाटलीवरचं बैलाचं चित्र कुठे गेलं ते मला सांग."

पडदा हळूच सरकला. मग तो बाहेर आला, विजार सावरत, एवढा मोठा माणूस आणि नजर जमिनीवर.

"कुणी सांगितलं?"

"माझ्या कात्रीनं केव्हाच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. बोल."

"सगळेच घेतात, माद्रीना. उत्तरेत तर विचारूच नकोस. तिथं ज्यांची चित्रं पोरं भिंतीवर लावतात ना, तेही. मी नव्हतो घेत तेव्हा मला काय म्हणाले? जोर कमी! आता जोर आहे तर तू..." तो टेबलाशी गुडघ्यावर बसला. "ऐक माझं. तीन आठवड्यांत मेक्सिकोचा माणूस येतोय मला बघायला. उन्हाळाभर तिथं खेळायला मिळालं की मी ट्रकवर परत जात नाही. तीन आठवडे. सहा सुया. मग संपलं."

"तुझी छाती धडधडते का रात्री?"

तो बाटलीचं बूच नखानं कुरतडू लागला.

"रादामेस, मेर्सेदेसची शपथ."

"कधी कधी," तो म्हणाला.

युफेमियानं आपले हात मांडीवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिलं. तीन हिवाळे तिनं त्याच हातांनी ते आत घातलं होतं, वर गप्पा सांगत, त्याला दुखू नये म्हणून. दुखलं असतं तर कदाचित तो थांबला असता.

"मी नाही टोचणार."

"मग दुसरं कुणी टोचेल!"

"टोचो. मी नाही."

"ठीक आहे!" तो उठला तसं डोकं दिव्याला आपटलं. "आणि मग नारळावरून गेलेल्या त्या होमरनना तू टाळ्या वाजवल्यास, त्या कुणाला वाजवल्यास? मला की बैलाला?"

खरं तर तिला तेच ठाऊक नव्हतं. तो गेल्यावर तिनं खिडकीतल्या सगळ्या बाटल्या परातीत ओतल्या, बटणं आणि हूक निवडून वेगळे केले, आणि बाटल्या मागच्या अंगणात पुरल्या.

शनिवारी सकाळी तो न्हाव्याकडे गेला. न्हावीही सुया टोचायचा, हात मात्र असा की लोक त्याला 'सुतार' म्हणायचे. पुढचं ज्यांनी पाहिलं ते आजही सांगताना खुर्चीवरून पडतात. न्हाव्यानं सुई हवेत धरली, तिच्या टोकावर एक थेंब चमकला, आणि पेलिकानोसचा नारळभेदी रादामेस फेलिस डोळे पांढरे करून आरसा, कंगवे आणि एका अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकासकट खाली आला. त्याला शुद्धीवर आणायला दोन घागरी पाणी लागलं. न्हावी सांगत सुटला, "अरे, मी हातसुद्धा लावला नव्हता!" त्यात इहिनियोची जीभ. संध्याकाळपर्यंत गावाला सगळं कळलं, सुई कसली, बाटली कसली आणि चित्र कुठल्या जनावराचं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, पण मंगळवारी, नेहमीच्या वेळेला, रादामेस तिच्या पायरीवर येऊन बसला. हातात काही नव्हतं. तिनं कॉफी आणून दिली. ती त्याच्या शेजारी बसली.

"माद्रीना, मी संपलो ना?"

"ते मला काय माहीत? मी शिंपीण."

मेक्सिकोचा माणूस आला, दोन सामने बसला आणि दुसऱ्याच कुणाला तरी घेऊन गेला. हंगाम संपल्यावर रादामेस केळ्यांच्या ट्रकवर परतला, पण सुरुवातीला त्याला तेही जमेना. औषध अंगातून उतरलं तसा जीवच उतरला. दुपार दुपार तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा, कारण नसताना रडायचा, एखाद्या बाळंतिणीसारखा. युफेमिया सकाळी डबा घेऊन जायची आणि संध्याकाळी रिकामा आहे का ते बघायला जायची. एकदा बळेच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी काळजाचा आलेख काढला आणि म्हणाले, वेळेत सोडलंत. कुणालाही इंजेक्शन देण्याआधी ती आता कुपीचं खोकं औषधाच्या दुकानातल्या मुलीकडून वाचून घ्यायची. लोक कुरकुरायचे, "दोन्या, आमच्यावर विश्वास नाही?" ती म्हणायची, "तुमच्यावर आहे. माझ्यावर नाही."

ऑक्टोबर आला. रांगेत चोवीस जण होते. पंचविसावा सगळ्यांच्या मागून, उन्हातून हळू चालत आला. संघाच्या व्यवस्थापकानं त्याला म्हणे सांगितलं होतं, "जुन्या नात्यानं एक सामना देतो. बघू."

युफेमियानं पट्टी त्याच्या मानेभोवती फिरवली. कात्री चालवताना तिचा हात थांबला. खाचा आत आल्या होत्या, एकेक करून, जवळजवळ सगळ्या. जिथं तिनं काखेत तुकडे घातले होते, तिथले टाके तिनं त्याच्या समोर उसवले. तो बघत उभा राहिला.

"लाज वाटते?" तिनं विचारलं.

"भीती वाटते. हजारो लोक, माद्रीना. सगळ्यांना ठाऊक आहे."

"मग जाऊ नको."

त्यानं उसवलेला टाका बोटानं चाचपला. "चेंडू अजून दिसतो मला," तो म्हणाला. "सुटायच्या आधी. ते तरी बैलाचं नव्हतं ना."

युफेमियानं नाटकं पाहिली होती, मिरवणुका पाहिल्या होत्या, वादळात छप्पर उडताना पाहिलं होतं. पण त्या रविवारी रादामेस बॅट घेऊन एकटा मैदानात निघाला, त्याच्या अंगावर अंगाएवढाच गणवेश होता, आणि बाकांवरून जे सुरू झालं, तसं तिनं पूर्वी काही पाहिलं नव्हतं.

"अरे रादामेस, उरलेला रादामेस घरी विसरलास का?"

"त्याला चारा घाला कुणीतरी!"

"हंबर की एकदा! हंबर!"

शेंगदाणेवाली तर टोपलीवर थाप मारून ताल धरत होती आणि सगळा डावा बाक त्या तालावर हंबरत होता. तो चालत राहिला. मान वर, पावलं मोजकी. इतक्या माणसांचं हसू अंगावर घेऊन कुणी असं चालू शकतं हे तिला ठाऊक नव्हतं. त्या फुगलेल्या देहानं नारळावरून चेंडू घालवला तेव्हा तिला डोंगर दिसला होता. आता समोर साधा, बत्तीस वर्षांचा, किंचित पोक काढून चालणारा माणूस होता, आणि तिच्या अंगावर काटा आला.

पहिल्या वेळी तो तीन चेंडूंत बाद झाला. लोक खूश. दुसऱ्या वेळी बॅट लागली, चेंडू सरळ उडाला आणि कुंपणाच्या कितीतरी अलीकडे अलगद झेलला गेला. पूर्वी तोच चेंडू रुळांवर गेला असता. रादामेसला ते कळलं, बाकांना कळलं. हंबरणं वाढलं. व्यवस्थापकानं आपल्या कपाळाला हात लावला.

आठव्या डावात तो तिसऱ्यांदा आला. धावसंख्या बरोबरीत होती. एवढं सगळं होऊनही समोरचा संघ त्याला अजून थोडा भीतच होता. नावाची दहशत अंगापेक्षा हळू उतरते. तिसऱ्या बेसवरचा खेळाडू दहा पावलं मागे सरकून उभा राहिला. युफेमियाशेजारी बसलेला इहिनियो पुटपुटला, "मार बाबा, एकदाच. माझ्या जिभेला पाप लागू देऊ नको."

पिचरनं हात मागे नेला. आणि रादामेसनं, ज्यानं तीन हिवाळे चेंडू आकाशाखेरीज कुठे धाडला नव्हता, त्यानं बॅट आडवी धरली. फिरवलीच नाही. चेंडू येऊ दिला, आणि एखाद्या झोपलेल्या पोराच्या कपाळाला बोट लावावं तसा बॅटीनं नुसता टेकवला. चेंडू तिसऱ्या बेसच्या रेषेवरून गवतातून रांगत निघाला आणि मध्येच दमून थांबला.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. तिसऱ्या बेसवरचा माणूस धावत आला तोवर रादामेस निघाला होता. गुडघे कुरकुरत असतील, तोंड वेडंवाकडं झालं होतं, टोपी उडाली. धावताना तो कधीच देखणा दिसत नसे. चेंडू उचलला गेला, फेकला गेला, पाऊल आणि चेंडू पहिल्या बेसवर जवळजवळ एकदमच पोचले. पंचानं दोन्ही हात जमिनीला समांतर पसरले. सुखरूप.

शेंगदाणेवालीनं टोपलीवरचा हात उचलला, तो टोपलीवर परत आला नाही. कुठूनतरी एक टाळी आली. मग आणखी दोन. गदारोळ वगैरे काही झाला नाही. पण हंबरणं थांबलं ते थांबलंच.

"एवढ्याशा टपलीला रडतेस?" इहिनियोनं विचारलं. त्याचा स्वतःचा आवाज धड नव्हता.

"टोपी काढ," युफेमिया म्हणाली.

"काय?"

"टोपी काढ, इहिनियो. त्याचं त्यानं केलंय ते."

इहिनियोनं टोपी काढून मांडीवर ठेवली. तिकडे रादामेसनं गुडघ्यांवरची माती झटकली, पिचरकडे पाहिलं, आणि त्याची नजर चुकवून, बेस सोडून दुसऱ्या बेसच्या दिशेनं एक पाऊल पुढे सरकला. मग दुसरं. मग तिसरं.

"देवा माझ्या," युफेमिया उभी राहत म्हणाली, "हा आता दुसरा बेस चोरणार!"